ज्वालामुखीचं टाचण

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आणि त्यातली बरीच वर्षं भूगोल माझ्याकडेच असायचा. ज्वालामुखीचे प्रकार तीन: जागृत, निद्रिस्त आणि मृत. फळ्यावर पांढऱ्या खडूनं शंकू काढायचा, मधून लाल खडूची रेघ वर न्यायची आणि तोंडाशी धुराचे गोळे काढायचे. हे मी इतक्या वेळा केलं की कुणी झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी जमलं असतं. आपण राहतो तो अख्खा मुलूखच लाव्हाचा, विहीर खोदताना लागतो तो काळा दगड म्हणजे थंड झालेली आग, असंही मुलांना सांगायचो. मुलं जांभया द्यायची. खरा ज्वालामुखी मी तरी कुठं बघितला होता?

माझी मुलगी नैरोबीला असते. जावई बियाण्यांच्या कंपनीत आहेत, तिकडच्या शेतकऱ्यांना मक्याचं बी दाखवत फिरतात. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत तिचा फोन आला. "अण्णा, जानेवारीत या. इथून दीड-दोन तासांवर एक निद्रिस्त ज्वालामुखी आहे. सकाळी चढायचं, संध्याकाळी घरी. तुम्हाला दाखवायचाच आहे."

फोन स्पीकरवर होता. बायकोनं मधे तोंड घातलं. "माझे गुडघे काही वर येणार न्हाईत. मी खाली बसून जिराफ बघीन. ह्यांच्या सोबतीला अक्कांना घे."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे मेंढपाळ. दिवाळी झाली की आमच्या गावाहून, धावड्याहून, आमचा वाडा निघायचा. वाडा म्हणजे कळप, घोडं, भांडीकुंडी आणि निम्मं घर. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, असं करत करत थेट शहागडला गोदावरीच्या काठापर्यंत जायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं. घरात आम्ही दोनच लेकरं. मला शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा कळपामागं दुसरं कुणीतरी लागणारच होतं. मी चुलत्याकडं गावात राहून बाराखडी गिरवली आणि अक्का लग्न होईपर्यंत चालत राहिली. तिला सही करता येत नाही. त्याबद्दल तिनं आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि तो न काढलेला शब्द मला चांगला ऐकू येतो. म्हणून बायकोनं तिचं नाव घेतलं तेव्हा मला एकदम बरं वाटलं. अक्काला तो डोंगर दाखवायचाच, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

अक्काला गावातच दिलेली. तिच्या ओसरीवर गेलो तर ती मूग निवडत बसली होती.

"अक्का, आपल्याला पोरीकडं जायचंय. तिथं एक डोंगर चढायचाय. ज्वालामुखी हाय, पण झोपलेला."

"झोपलाय तर झोपू दे की त्याला. त्याच्या अंगावर कशाला नाचायचं?"

"लई वर्षं झाली, हाललाबी न्हाई तो."

"वर देव हाय का?"

"देव न्हाई. मधी खड्डा हाय, आपलं गाव आत मावंल एवढा. खड्ड्यात झाडी हाय. आपण कडंकडंनं फेरी मारायची आन् खाली यायचं."

"आन् चारा?"

"चारा कशाला लागतोय? मेंढरं थोडीच न्यायचीत?"

तिचा हात सुपावर थांबला. "देव न्हाई, मेंढरं न्हाईत. मंग जायचं कशाला?"

"बघायला."

ती परत मूग निवडायला लागली. मी मनात म्हणालो, चला, विषय संपला. पण चौथ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उभी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. ते तिनं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "आजवर एवढे डोंगर चढले. बिनकामाचा एकबी न्हाई चढले."

मुलीला आनंद झाला, पण ती माझीच मुलगी, अट घातल्याशिवाय कशी राहील? "आत्या अडुसष्टची आहे अण्णा. सगळी वाट साडेतेरा किलोमीटर होते. चढ जवळपास दोन हजार फूट, आणि वाटेत राखेसारखी भुसभुशीत माती. आधी गावाकडं सराव करा. जमलं तर दोघं जा. ज्याला जमणार नाही तो आईसोबत खाली जिराफ बघेल." जनावरांचंही तिनं सांगून ठेवलं. पायथ्याशी रानरेडे फिरतात, म्हणून सोबत वाटाड्या घ्यायचा. अक्काला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हशीला काय भ्यायचं?"

आता नियोजन म्हटलं की माझ्या अंगात येतं. शाळेत रोजच्या पाठाचं टाचण काढावं लागायचं: आज काय शिकवायचं, साहित्य काय, मुलांनी काय करायचं आणि शेवटी त्यांना किती कळलं ते कसं तपासायचं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी हात सुटला नव्हता. मी नवी दोनशेपानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि पहिल्या पानावर लिहिलं: घटक, निद्रिस्त ज्वालामुखी. उद्दिष्ट, एका दिवसात चढून सुखरूप उतरणे. साहित्य, बूट, टोपी, पाणी, भाकरी. शेवटच्या रकान्यावर मूल्यमापन. बायको म्हणाली, "साहेब तपासणीला येणार का डोंगरावर?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बूट घ्यायला आम्ही दोघं जुन्या जालन्यात गेलो. धान्याच्या पोत्यांमधून वाट काढत, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात एका बोळातल्या दुकानाशी पोचलो. मी दुकानात बसून पायात घालून बघितले, घट्ट बसले, घेतले. अक्कानं मात्र दुकानदाराचा अंत बघितला. बूट घालून ती बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आली. मग दुकानाच्या पायऱ्या चढली, उतरली आणि परत उतरली. शेवटी एक नंबर मोठा मागितला.

दुकानदार म्हणाला, "मावशी, ढिल्ला होईल. हाच बराबर आहे."

"चढताना बराबर हाय. उतरताना पाय फुगतोय, बोटं म्होरं मारतात."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मीही त्याच्याकडं बघून मान हलवली, म्हातारं माणूस आहे, घेऊ द्या, अशा अर्थानं. पहिल्या सरावानंतर माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. अक्काच्या पायाला काही झालं नाही. माणसाला एवढ्यावरून अक्कल यायला हरकत नव्हती, पण मी मास्तर पडलो.

दोन हजार फुटांचा चढ आमच्याकडं आणायचा कुठून? अजिंठ्याच्या रांगेतली एक टेकडी गावापासून चालत जाण्यासारखी आहे. अंदाजानं सहाशे फूट चढ, वर शेंदूर लावलेला एक दगड आणि वाकडं लिंबाचं झाड. मी हिशेब मांडला: हीच टेकडी एका दिवसात तीनदा चढायची आणि तीनदा उतरायची. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं.

टेकडीच्या पायथ्याशी पहिल्या दिवशी अक्कानं कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला, चिमूटभर दगडावर टाकला आणि चिमूटभर माझ्या कपाळाला लावला. अनोळखी डोंगरावर कळप घालायचा तर आधी त्याला विचारायचं, ही आमच्या वडिलांची रीत. मी म्हणालो, "ही टेकडी तर ओळखीची हाय." ती म्हणाली, "तिला तू ओळखीचा न्हाईस."

चढायला लागलो. मी पुढं, अक्का मागं. मी चाळीस-पन्नास पावलं जायचो आणि वळून बघायचो, तर अक्का दहा-बारा पावलं खाली, काठी टेकत, सावकाश. मी थांबायचो, ती पण तिथंच थांबायची. मी निघालो की ती निघायची. कितीही हळू चालून बघितलं तरी तेवढंच अंतर. मी दोन-तीनदा "ये की बरोबर" म्हणालो. ती म्हणाली, "तू चाल. मी हाय." मला तिचा कळवळा आला. वयच आहे तिचं, म्हटलं. वर जाऊन मी लिंबाखाली आडवा झालो, घामानं डबडबलो होतो. ती आली, उभ्यानंच झाडाला टेकली आणि पाण्याचे दोन घोट प्यायली. त्या दिवशी एकदाच चढलो. वहीत मूल्यमापनाच्या रकान्यात मी लिहिलं: अक्का, जिद्द उत्तम, वेग कमी.

पुढच्या खेपेला दोनदा चढलो. दुसऱ्यांदा वर निघालो तेव्हा पायथ्याशी कापूस वेचणाऱ्या बायकांनी हात थांबवले. एकीनं विचारलं, "गुर्जी, वर काय इसरलं का?" मी सरावाचं सांगत बसलो, तर त्यांना पटेना. ज्याला बिनकामाचं डोंगर चढायचंय तो एकदा चढेल. तोच डोंगर परत कशाला चढेल? त्यांचंही बरोबरच होतं. त्यानंतर गावात हेच चाललं. चहाच्या हाटेलात कुणीतरी पोपटासारखं विचारायचंच, "गुर्जी, सापडलं का?" मला त्याचा राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं. निवृत्त मास्तरला एरवी कोण काय विचारतो?

खरं सांगतो, ते दोन महिने मी फार मजेत होतो. पासपोर्टासाठी अक्काचा फोटो काढला तर ती अशी ताठ बसली की फोटोवाला म्हणाला, "मावशी, श्वास घ्या." लस टोचून घ्यायला बाहेरगावी जाऊन आलो, येताना बसस्टँडवर दोघांनी उसाचा रस प्यायला. मुलगी फोनवर सुकामेव्याच्या वड्या न्या म्हणायची आणि अक्का ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा यावर अडून बसलेली. इतका सलग वेळ आम्ही बहीणभाऊ लहानपणी सुद्धा एकत्र नव्हतो. तेव्हा ती दिवाळीनंतर जायची आणि मी वर्गात असायचो.

फक्त ती एक काळजी मनातून जाईना. अक्का मागं राहतेय. चौथ्या सरावात आम्ही तिसऱ्यांदा चढत होतो तेव्हा मला मधेच तीनदा बसावं लागलं, आणि दर वेळी मागं बघितलं तर ती तेवढीच खाली, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी. मी मनाशी म्हटलं, आपणच एवढे दमलो तर हिचं काय झालं असेल. बोलत नाही बिचारी, सोसते. परक्या मुलखात, समुद्रसपाटीपासून नऊ हजार फुटांवर तिला काही झालं तर मी स्वतःला काय तोंड दाखवणार? त्या आठवड्यात मी छातीवर दगड ठेवून मुलीला फोन केला.

"आत्याला वर नको न्यायला," मी म्हणालो. "लई मागं पडते. खाली आईसोबत बसू दे. तिला वाईट वाटणार न्हाई असं काहीतरी तू सांग."

पलीकडं मुलगी हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना.

"अण्णा, परवाच आत्याचा फोन आलेला. दादाकडून लावून घेतला होता." दादा म्हणजे अक्काचा मुलगा. "म्हणाली, तुझ्या बापाला वरपर्यंत नको नेऊ. तिसऱ्या चढाला त्याचा दम उखडतोय, बसतोय. त्याला वाईट वाटणार न्हाई असं काहीतरी तू सांग."

मी फोन ठेवला आणि तडक अक्काकडं गेलो. ती शेळीला पाला टाकत होती.

"अक्का, तू मागं का चालतीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मागं न्हाई चालले तर तुझ्याकडं बघंल कोण?"

"म्हंजे?"

"अरे, कळपाच्या म्होरं चालनारा फकस्त चालतोय. त्याला मागचं काय दिसतंय? ज्याला राखायचंय त्यानं मागं ऱ्हावं. लंगडं मेंढरू कुठंबी बसतंय, गाभण मेंढी कुठंबी थांबती. तू तिसऱ्या चढाला तीनदा बसलास. म्होरं असते तर मला कळलं असतं का?"

"मंग मी लंगडं मेंढरू का?"

"लंगडं न्हाईस," ती विचार करून म्हणाली. "दमेल हाईस."

मी घरी येऊन वही उघडली. वेग कमी, चारही पानांवर. अर्धा जन्म दुसऱ्यांच्या लेकरांना मार्क देण्यात गेला, आणि इथं जिला मार्क देत बसलो होतो तीच माझ्या पावलावर पाऊल मोजून टाकत होती. मला लाज वाटली, आणि हसूही आलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत हाय."

पण रात्रभर डोक्यात राहिलं ते निराळंच. ती म्हणाली होती, बिनकामाचा एकही डोंगर चढले नाही. आणि मी तिला तसा एक डोंगर दाखवायला निघालो होतो, पण राखायचं मेंढरू म्हणून सोबत स्वतःच जाणार होतो. म्हणजे परत कामच. तिकडं जाऊन तिनं खड्डा बघायचा सोडून माझी पाठ बघायची. असं असेल तर एवढ्या लांब जायचं कशाला?

पाचव्या सरावाला आम्ही नेहमीसारखे निघालो. एकदा दोघं वर जाऊन आलो. दुसऱ्या चढाला निम्म्या वाटेवर एक सपाट दगड आहे, तिथं मी बसलो आणि बूट काढले.

"काय झालं?" अक्का लगेच जवळ आली.

"काय न्हाई. मी इथंच थांबतो. तू जाऊन ये."

"एकटी? कशाला?"

"बघायला."

ती बराच वेळ तिथंच घुटमळली. माझ्या कपाळाला हात लावून बघितला, पाण्याची बाटली माझ्या हाताशी ठेवली, ऊन कुठून येतंय ते बघितलं आणि मला जरा सावलीकडं सरकवलं. मग निघाली. दहा पावलांवर वळून बघितलं, वीस पावलांवर परत बघितलं. मी हात हलवला. तिसऱ्यांदा वळली तेव्हा मी मुद्दाम डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती वळणापलीकडं गेली होती.

थोड्या वेळानं ती वरच्या अंगाला दिसली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझी बहीण कशी चालते. काठी खांद्यावर आडवी टाकलेली, पदर कमरेला खोचलेला, पाऊल कुठं टाकायचं ते न बघताच टाकत होती. ज्या चढाला आम्हाला पाऊण तास लागायचा, तिथला उरलेला निम्मा तिनं दहाएक मिनिटांत संपवला असेल. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. वर लिंबाशी ती पोचली आणि दिसेनाशी झाली.

ती लगेच उतरेल असं मला वाटलं. नाही उतरली. मी एक भाकरी खाल्ली. खाली वेचणीच्या बायका जेवायला बसल्या, उठल्या. तासभर झाला तेव्हा मनात पाल चुकचुकली, पण बूट परत पायात घालायचे नाहीत असं ठरवून बसलो होतो. शेवटी ती आली. उतरताना तिरकी, एक पाय आडवा टाकत, घाई न करता. माझ्या शेजारी दगडावर बसली आणि पाणी प्यायली.

"एवढा वेळ वर काय करून राह्यलीस?" मी विचारलं.

"काय न्हाई. बसल्ते."

"दमलीस?"

"न्हाई रे. राखायला काय नव्हतं. मंग बसल्ते उगं."

वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते, ते तिनं मागं सारले. खाली आमचं गाव, कापसाची रानं आणि त्यापलीकडं रस्ता दिसत होता. ती तिकडं बघत नव्हती. वरच्या लिंबाकडंच बघत होती.

"तिकडंबी असंच करू, भाऊ," ती म्हणाली. "कडंपर्यंत तुला मी आणते, घाई न्हाई करायची. तिथनं तू खड्डा बघत बस. फेरी मी एकटी मारीन."

इतक्या वर्षांत तिनं तोंडानं काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी बरं म्हणालो.